पिल्लाची हाक

"पुन्हा वाजव," चंद्रभागा म्हणाली. बोटीखालच्या यंत्रातून देवमाशाच्या पिल्लाचं रडणं पाण्यात गेलं. पिल्लू परवाच कापून विकलं होतं. उरला होता तो आवाज. तरीही त्याची आई आलीच. स्फोटक भाला तिच्या पाठीत जाऊन फुटला आणि रक्ताची चिळकांडी केबिनवरून गेली.

"खुळी मेली!" चंद्रभागा थुंकली. "कापलेल्या पोरासाठी धावत इली!"

मरता मरता मादीने उसळी घेतली. भाल्याच्या दोरीत पाय अडकून चंद्रभागेचा लेक पुंडलिक पाण्यात खेचला गेला. "आये, वाचव!" एवढंच तो ओरडला. दोरी ओढली, तर वर अर्धंच धड आलं.

ते फळीवर ठेवतात न ठेवतात तोच समोरून हाक आली, "आये, वाचव!" आवाज हुबेहूब पुंडलिकाचा. तिथे चार देवमासे काळ्या पाठी वर काढून थांबले होते. आवाज चोरायला तेही शिकले होते.

"मावशे, ते मासे आसत!" बोट हाकणारा जनू तांडेल किंचाळला. "पुंडलिक हयसर आसा, बघ!"

"माका दिसता."

जनूने सुकाणू धरलं. तिने त्याच्या मनगटावर कोयता हाणला आणि बोट हाकेकडे वळवली.