उपरण्याची गाठ

खंडेनवमीची पूजा आटोपत आली होती. मिलिंग मशीनला हार घालायला वाकलेल्या मॅनेजरसाहेबांच्या गळ्यात गाठ मारलेलं उपरणं होतं. त्याचं टोक कटरच्या दात्यांत अडकलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"भोसेकर, दाबा मुहूर्ताचं बटण!" ते वाकूनच म्हणाले.

भोसेकरांनी हात उचलला. तीन बोटांचा. काम लवकर उरकावं म्हणून गेल्या वर्षी साहेबांनीच कटरपुढची जाळी काढायला लावली होती. दोन बोटं गेल्यावर अपघाताच्या अहवालात मात्र त्यांनी लिहिलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा.'

भोसेकरांनी वेग अगदी कमी केला आणि हिरवं बटण दाबलं. उपरणं गुंडाळत गेलं, गाठ आवळली. साहेबांचं नाक कटरपासून वीतभर अंतरावर आलं, तेव्हा भोसेकरांनी लाल बटण दाबलं.

"साहेब, आता कोणाचा निष्काळजीपणा लिहू?"