पळून जाण्याचा सीन

"तू घरातून पळून कशी जाशील गं?" लॅपटॉपवरची नजर न हलवता लेखिकेने लेकीला विचारलं.

पाच वाजेपर्यंत चॅनेलला सीन हवा होता. मालिकेतली सोळा वर्षांची नायिका घर सोडते, एवढंच वरून ठरून आलं होतं. बाकी लेखिकेचं काम. आणि लेखिकेचं काम म्हणजे, खरं सांगायचं तर, लेकीला विचारायचं. कुमारांसाठीच्या सहा कादंबऱ्या अशाच झाल्या, मालिकाही त्यांच्याच जोरावर मिळाली. पोरांची भाषा बाई अचूक पकडतात, असं लोक म्हणायचे. पकडतील नाही तर काय! ती भाषा समोरच्याच खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली असायची.

"रात्रीबित्री नाही जायचं," लेक नख कुरतडत म्हणाली. "दुपारी. आई मीटिंगला जाते तेव्हा. फोन घरीच ठेवायचा, चार्जिंगला लावून."

"चार्जिंगला! अगं, काय सुचतं तुला!" बोटं भराभर चालली. "आणि कपडे?"

"ते आधीच मैत्रिणीकडे नेऊन ठेवायचे. रोज थोडे थोडे. अर्धं कपाट रिकामं झालं तरी आईला पत्ता लागत नाही."

"झकास. चिठ्ठी ठेवते का?"

"कशाला? आई त्यातली वाक्यं उचलेल."

लेखिका खळखळून हसली. तेही टाइप केलं. मग तिने मान वर करून लेकीकडे पाहिलं आणि ती हसायची थांबली. पोरीच्या अंगात कालचाच शर्ट होता. परवाही हाच होता. त्याच्या आधी काय होतं, ते काही केल्या आठवेना. लेकीच्या खोलीतलं कपाट चार पावलांवर होतं, पण जाऊन उघडायची छाती होईना.

"काय गं," आवाज जमेल तितका साधा ठेवत ती म्हणाली, "तू खरंच जाणार आहेस का?"

लेक खुर्चीवरून उतरली, आईच्या मागे येऊन उभी राहिली आणि स्क्रीनवर वाकली.

"हेही लिहिलंस," ती म्हणाली.

लेखिकेने पाहिलं. प्रश्न स्क्रीनवर उतरला होता, नायिकेच्या आईच्या तोंडी. त्याच्या खालच्या ओळीत नायिकेचं नाव टाकून झालं होतं आणि पुढे कर्सर उघडझाप करत थांबला होता.