बाकीची मदत

स्टिअरिंग जड राहण्यात नवऱ्याचा फायदा होता. बायकोला कामावरून, लॅबमधून आणायचंय, या सबबीवर तो रोज ऑफिसातून लवकर सटकायचा. वर घरात उपकार जमा होत होते ते वेगळेच. तिचं मनगट मोडलं तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी गाडी चालवा म्हणून सांगितलं, तरी हा आपला, "कशाला? मी आहे ना."

आज सकाळी स्टिअरिंग हलकं करून घ्यायला तिनेच गाडी गॅरेजला आणायला लावली.

मेकॅनिक लॅपटॉप मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला. वायर स्टिअरिंगखाली जोडलेली. ती ड्रायव्हरच्या जागी, नवरा शेजारी. "ताई, मागच्या मैदानात दोन वळणं घ्या. हाताचा जोर इथे दिसेल. कमी पडत असेल तर स्टिअरिंगच्या मोटरची मदत वाढवतो."

तिने दोन वळणं घेतली. मेकॅनिक स्क्रीनकडे बघून हसला.

"मनगट मोडलं म्हणता, आणि जोर तर पैलवानाचा. तुम्हाला कशाला हवं हलकं?"

"त्यातला एक हात ह्यांचा आहे," ती म्हणाली.

"मी नुसतं धरलं होतं," नवरा म्हणाला.

"इथे ओढलेलं दिसतंय, साहेब. गाडीची मदत वाढवायची तर बाकीची मदत आधी बंद करावी लागेल."

नवऱ्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. तिने स्टिअरिंगचं चाक वळवायला घेतलं. ते अर्ध्यात अडलं. तिने ओठ घट्ट मिटले. नवऱ्याचा एक हात बाहेर आला, हवेत थांबला आणि परत जागेवर गेला. स्क्रीनवरची रेघ वर चढता चढता मधेच बसली.

"आता कळलं," मेकॅनिक म्हणाला. गाडी थांबवून त्याने मदत दोन पायऱ्या वाढवली. "आता बघा."

चाक फिरलं. कुणी न सांगता तिने आणखी एक वळण घेतलं. मग म्हणाली, "उतरा दोघंही. रस्त्यावर एकटीने बघते."

दोघं फाटकात उभे राहिले. गाडी चौकाला वळसा घालून आली, फाटकाजवळ हळू झाली आणि पुढे गेली.

"आत वळायला जमलं नाही वाटतं," नवरा म्हणाला.

"लॅब कुठल्या बाजूला, साहेब?"

नवऱ्याने हात लांब करून दाखवलं. गाडी तिकडेच चालली होती. तो ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"अजून एक पायरी हलकं होतं का हो? पार्किंगला तिला जड जाईल."

"होतं की. उद्या पाठवा त्यांना."

"मी कोण पाठवणारा," नवरा म्हणाला, आणि पाकीट काढलं.

बिल त्यानेच भरलं. ऑफिसला जायचं बसचं तिकीटही.