विसण

बंबातलं कढत पाणी बादलीत वाफाळत होतं. हौसाबाईनं आज मुद्दामच त्यात गार पाण्याचं विसण घातलं नव्हतं. लकव्यानं लुळा पडलेला नवरा न्हाणीत भिंतीला टेकून बसला होता. जन्मभर तिला बडवणारा त्याचा उजवा हात तिनं ओढून धरला आणि तांब्या भरून उचलला.

"हळू गं," तो बोबड्या जिभेनं म्हणाला.

मार खाताना तीही हेच म्हणायची, "हळू, पोरं उठतील." त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

तिनं तांब्या बादलीत आपटला आणि गार पाण्याची अख्खी कळशी त्यात ओतली.

दारातून शेजारची काकू कौतुकानं म्हणाली, "किती माया गं तुझी नवऱ्यावर."

"माया कसली, काकू. माझाच हा मेला हात धजला नाही."