दुसरं मडकं

पहिल्या मडक्याला बुरशी आली होती. दुसऱ्याचं झाकण करिश्मानं काढलं, आंबट वास नाकात घुसला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. विधी उद्यावर आला होता.

सासूला, रुखमाबाईला, जाऊन वर्ष होत होतं. उद्या गावाबाहेर तिच्या नावाचा दगड उभा करायचा आणि घरच्या सुनेनं स्वतःच्या हातानं केलेला लांदा, तांदळाची घरगुती दारू, त्यापुढे ठेवायचा. तांदळाचं पीठ वाफवायचं, त्यात मोड आलेल्या मक्याचं पीठ कालवायचं आणि चार दिवस आंबवायचं, सांगायला एवढंच. पण सून चुकली तर गेलेली बाई पूर्वजांत जाऊन बसत नाही, दाराशीच घुटमळते, असं गावातल्या म्हाताऱ्या सांगत. त्यातून रुखमाबाईच्या लांद्याचं नाव पार एटापल्लीपर्यंत. करिश्मा बिचारी दूरच्या सावली गावची. सात महिन्यांपूर्वी लग्न होऊन आली, तिनं सासूला पाहिलंही नव्हतं. माहेरी तिचा हात चहापुरता चालायचा.

तिनं कुंपणापलीकडच्या सुगंधाबाईला हाक मारली. म्हातारीनं मडक्यात बोट बुडवून चाटलं.

"पीठ गरम होतं तवाच मक्याचं कालवलं काय?"

"हो. थंडं होऊ द्या लागते, हे मले कोणी सांगतलंच नाई."

"अन् झाकण?"

"रोज उघडून पाहत होती."

"मंग आंबट नाई होईन तं काय होईन?"

करिश्माला रडू आवरेना. सुगंधाबाई घरात गेली आणि तोंड घट्ट बांधलेलं एक मडकं घेऊन आली.

"दोन केले होते. हे नेय. कोणाजवळ बोलू नोको."

"पण माह्या हातचा पाहिजे ना, मावशी?"

"नेय म्हटलं ना."

करिश्मानं नेलं. दुसरं करणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी दगड उभा राहिला, पहिला द्रोण त्यापुढे ठेवला गेला आणि मग अंगणात पंगत बसली. लोकांनी मागून मागून लांदा घेतला. "पोरीनं सासूच्या हातची चव उचलली," असं जो तो म्हणे, आणि दर शब्दाला करिश्माची मान खाली जाई. सासरे मुखरू यांनी मात्र एकच घोट घेतला, "चांगला हाये" म्हणाले आणि द्रोण बाजूला ठेवला. तो तसाच भरलेला राहिला. करिश्माची नजर फिरून फिरून त्या द्रोणावर जात होती.

दुपारी पांगापांग झाली. दिनेश, तिचा नवरा, पाहुण्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला. मुखरू एकटेच ओसरीत बसले होते. आजवर ते तिला एका शब्दानंही रागावले नव्हते. अशा माणसाला फसवायचं तिच्या जिवावर आलं. ती समोर जाऊन उभी राहिली.

"मामाजी, मी खोटं केलं. तो लांदा माह्या हातचा नाई. सुगंधामावशीचा होता. माहा बिघडला."

मुखरूंनी वर पाहिलं नाही.

"तुहा कुठी हाये?"

"मांगं. फेकणारच होती."

"आण."

तिनं मडकं आणून त्यांच्यापुढे ठेवलं. आता हे अंगणात फुटणार, असंच तिला वाटलं. मुखरूंनी द्रोण भरला, तोंडाला लावला. त्यांचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले. तरी त्यांनी तो शेवटपर्यंत रिकामा केला. डोळे उघडले तेव्हा ते पाण्यानं भरले होते. त्यांनी दुसरा द्रोण भरून तिच्या हातात दिला.

"हा दगडापाशी ठेवून ये, बाई."

"मामाजी, पण हा तं आंबट झाला."

"रुखमाच्या हातचा असाच राहे. तीस वर्षं मी एकट्यानं पेला. गावाले पाजे, तो सुगंधाबाईचा."