उतरवून आणतो

बातम्यांच्या वाहिनीत कॅमेरामन असलेल्या मुलाने एका दुपारी ऑफिसचा कॅमेरा घरी आणला आणि आईवडिलांना टिपायला बसला. वर्षाच्या आत वडील गेले. आईने ती टेप घरच्या छोट्या कॅमेऱ्यात घालून पाहिली, तर पडदा नुसता निळा.

"अगं आई, घरची टेप ऑफिसच्या मशीनवर चालते, पण ऑफिसची घरी नाही चालत. उद्या घरच्या टेपवर उतरवून आणतो."

काम तासाभराचं. पण उद्याला उद्या लागत गेला आणि सहा वर्षं उलटली. आई आधी दर रविवारी विचारायची, मग कधीमधी, मग विचारेनाशीच झाली.

ऑफिसने जुनी मशीनं भंगारात काढायला घेतली, तेव्हा कुठे तो जागा झाला. धावतपळत टेप उतरवून घरी आला, पण तोवर आईची नजर पार गेली होती.

"लाव रे तू. कानांना काय धाड भरलीय माझ्या?"

टीव्हीवर वडिलांचा आवाज आला, "अगं, ये की, बस माझ्याजवळ." पाठोपाठ आतल्या खोलीतून आईचाच हसरा आवाज, "थांबा हो, केस तरी विंचरू द्या!"

आई खुदकन हसली. मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "शेवटी बसले का रे मी? काही केल्या आठवत नाही."

पडद्यावर वडील शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून दाराकडे बघत होते. टेप तिथेच संपली.

"बसलीस की," तो म्हणाला, "अगदी खेटून."