नऊशेच्या आत

"सीट सैल आहे," एर्मेस म्हणाला आणि हेल्मेट काढून त्याने गाडीच्या टपावर ठेवलं.

मिरेल्लाने पेन्सिल कानामागे खोचली. "जूनमध्ये तर घट्ट बसत होती."

"जूनमध्ये बसत होती. आता वळणावर डब्यातल्या वाटाण्यासारखा खुळखुळतो मी आत."

म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं. कार्बनची सीट वापराने थोडी पसरली असणार, असं म्हणत मिरेल्लाने स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही कुशींना गादी चिकटवून दिली.

इटलीतल्या मोदेना शहराच्या वेशीवरच्या या कारखान्यात गाडी चालकाच्या अंगावर शिवायची रीत होती. रेडिओ नाही, स्क्रीन नाहीत, आपोआप पडणारे गिअर नाहीत. आरेखन मिरेल्ला बोन्फातीचं, पण चालक म्हणेल ती पूर्व दिशा. आणि चालक होता एर्मेस झानासी. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या पळवून त्यांचे गुणदोष सांगितले होते, आणि एकदाही त्याचं म्हणणं खोटं ठरलं नव्हतं. जुलैत तो म्हणाला, स्टिअरिंग जड आहे. तिने हलकं केलं. ऑगस्टमध्ये म्हणाला, ब्रेक कडक आहे. तिने दांडा लांबवला.

मालक मालागोलींची अट एकच होती. गाडी चालकासकट नऊशे किलोच्या आत हवी. "रिकामी गाडी चालवतं कोण?" असं ते म्हणत, त्यामुळे प्रत्येक तोलाला एर्मेस आत बसलेला असायचा. वसंतात काटा नऊशे दहावर थांबला होता.

"सप्टेंबरपर्यंत हे दहा उतरवा," मालागोली जेवताना म्हणाले होते, "नाहीतर मी शटर ओढतो." ताटावर चीज किसायला सांगावं, त्याच सुरात. टेबलाभोवतीच्या वीस माणसांचा घास तोंडातच राहिला.

मिरेल्लाने काचा पातळ केल्या, तारा बारीक केल्या, दाराचे कडीकोयंडे जाऊन तिथे कापडी पट्टे आले. मग चाचणीत सांगाडा लवला आणि जिथून काढलं तिथेच आधाराच्या नळ्या घालाव्या लागल्या. एका हाताने काढायचं, दुसऱ्या हाताने घालायचं. तरी काटा दर महिन्याला खाली येत होता. काटाच गोड बोलत असताना बेरीज-वजाबाकी कोण मांडत बसणार?

बोचत होतं ते वेगळंच. एर्मेस दर गुरुवारी दुपारनंतर गायब व्हायचा. इस्त्रीचा शर्ट घालून शेजारच्या बोलोन्या शहराची आगगाडी पकडायचा. शुक्रवारी उशिरा यायचा, तोंड उतरलेलं, जेवणावर वासना नाही.

"तिकडची दारू पचत नाही वाटतं," वान्नी मेकॅनिक म्हणाला. बोलोन्याच्या रस्त्यावरचा एक कारखाना नव्या गाडीसाठी मुरलेला चालक शोधतोय, हे साऱ्या मोदेनाला ठाऊक होतं. "बाई, आपली सीट सैल होतेय, कारण तिकडची बसलीय अंगाला."

"तोंड सांभाळ," मिरेल्ला म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. मालागोलींना तरुण चालक आणायचा होता, तेव्हा तीच एर्मेससाठी भांडली होती.

सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारी चारी चाकं काट्यावर चढली. एर्मेस आत बसला आणि छातीवर पट्टा ओढला. आठशे नव्व्याण्णव.

मालागोलींनी मिरेल्लाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. लाम्ब्रुस्को वाइनच्या बाटल्या उघडल्या, तळलेल्या न्योक्को पुऱ्यांची परात आली. एर्मेसने परात तशीच पुढे सरकवली.

"मी खाल्लं तर काटा परत वर जाईल," तो म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. "लग्नात अठ्ठ्याहत्तर किलो होतो, आजही अठ्ठ्याहत्तर आहे. उगाच नाही."

मिरेल्लाने त्याला बाजूला गाठलं. "उद्या गुरुवार. जाणार?"

"जायला हवं."

"कुठे ते सांगणार नाही?"

"तुझं काम होऊ दे पोरी. मग सांगतो."

"बरं ठेवतात का तिथे तुम्हाला?"

"माणसं चांगली आहेत," तो म्हणाला. "खुर्ची तर इथल्यापेक्षा आरामाची."

तिला इतका राग आला की ती तशीच पाठ फिरवून निघाली. तीस वर्षं या धंद्यात मुरलेला माणूस, आणि तोंडावर सांगतो.

गुरुवारी दुपारी तो गेला. सरकारी कागदांवर रिकाम्या गाडीचं वजन लिहायचं होतं. ते त्याच्याशिवायच होणार होतं, आणि याचं तिला बरंच वाटलं. कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं मनाशी म्हणत तिने वान्नीला हाक मारली. दोघांनी गाडी काट्यावर ढकलली.

"आठशे एकवीस लिहून ठेव," ती म्हणाली. "कालच्यातून एर्मेस वजा."

वान्नीने वाकून आकडा पुन्हा वाचला. "बाई, हा आठशे बत्तीस दाखवतोय."

"पेट्रोल?"

"कालच्याइतकंच. हात कुणी लावलाय?"

गाडी उतरवून पुन्हा चढवली. आठशे बत्तीस. वान्नीने पन्नास किलोचं प्रमाण वजन आणून चाकांखालच्या एकेका पाट्यावर ठेवलं. चारही पाटे बरोबर पन्नास बोलले.

"काटा ठीक आहे," तो म्हणाला. "मग हे अकरा किलो आले कुठून?"

मिरेल्लाने आठशे बत्तीसमध्ये अठ्ठ्याहत्तर मिळवले. नऊशे दहा. वसंतातलाच आकडा. रिकाम्या सीटच्या कुशींना स्वतः चिकटवलेली गादी तिने चाचपली, आणि एर्मेसचं शुक्रवारचं ते उतरलेलं तोंड तिला आठवलं. सबंध उन्हाळ्यात गाडी एका किलोनेही हलकी झाली नव्हती.